इलेक्ट्रिक गाडीचा एसी मे महिन्यात एवढा का ओरडतो

एप्रिल संपता संपता इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा एक प्रश्न हमखास येतो: थंडीत गाडी अगदी मुकी होती, आता सिग्नलला उभी राहिली की बॉनेटखाली भणभण सुरू होते, कॉम्प्रेसर गेला का? बहुतेक वेळा काहीही गेलेलं नसतं. पण त्या धास्तीपोटी नाक्यावरच्या एसीवाल्याकडे जाऊन 'थोडा गॅस मारून द्या' म्हटलं, तर मात्र कॉम्प्रेसर खरोखर जाऊ शकतो. म्हणून आधी आवाज कुठून येतोय ते ओळखायचं आणि गॅसचा विषय सगळ्यात शेवटी काढायचा.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. सिग्नलला इंजिन मंद झालं की तोही मंद होतो, आणि त्याचा जो काही आवाज असेल तो इंजिनच्या धडधडीत बुडून जातो. इलेक्ट्रिक गाडीत बेल्टच नाही. कॉम्प्रेसरच्या पोटात त्याची स्वतःची मोटर असते. ती मोठ्या बॅटरीच्या तीनशे-चारशे व्होल्टवर चालते आणि गाडी उभी आहे की धावतेय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. गरजेप्रमाणे मिनिटाला साधारण ८०० ते ८,००० फेरे. डिसेंबरात पुण्यात ती खालच्या टोकाला रमतगमत फिरते, मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन वाजता वरच्या टोकाला. त्यात गाडी उभी असताना दुसरा कुठलाच आवाज नसतो, म्हणून तेवढाच कानात भरतो.

उन्हाळ्यात तिला किती ओढावं लागतं ते आकड्यांत बघा. एसीचा गॅस कंडेन्सरमध्ये म्हणजे पुढच्या जाळीमागच्या कॉइलमध्ये जाऊन थंड होतो आणि त्याचं द्रव बनतं. त्यासाठी तो बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश जास्त गरम असावा लागतो, नाहीतर हवा त्याची उष्णता घेणार कशी? बाहेर २५ अंश असतील तर गॅस ४० अंशांच्या आसपास द्रव होतो, आणि आर-१३४ए गॅसला त्यासाठी सुमारे ९ बार दाब पुरतो. बाहेर ४५ अंश असले की द्रव होण्याचं तापमान ६० ते ६५ अंशांवर जातं, आणि दाब लागतो १६ ते १८ बार. जवळजवळ दुप्पट. त्यात डांबरी रस्त्याला लागून असलेली हवा हवामान खात्याच्या आकड्याहून गरम असते, आणि पुढच्या ट्रकची गरम हवा थेट जाळीवर येत असेल तर आणखी भर. दुप्पट दाबाविरुद्ध दुप्पट-तिप्पट फेऱ्यांनी फिरणारं यंत्र आवाज करणारच. तो कामाचा आवाज आहे.

शिवाय हा एसी फक्त माणसांसाठी नसतो. पातळ कूलंटने थंड होणारी बॅटरी असलेल्या गाड्यांत (नेक्सॉन ईव्ही हे आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण) कूलंटला गार करण्याचं काम बरेचदा याच कॉम्प्रेसरकडे असतं. कारण साधं आहे. नुसत्या रेडिएटरने कुठलीही वस्तू बाहेरच्या हवेपेक्षा थंड होत नाही. बाहेर ४५ अंश असतील आणि बॅटरी ३५ अंशांच्या आसपास ठेवायची असेल, तर गॅसचाच आधार घ्यावा लागतो. चिलर नावाचा एक छोटा डबा असतो, त्यात एका बाजूने गार गॅस आणि दुसऱ्या बाजूने बॅटरीचं कूलंट फिरतं. म्हणून एसीचं बटण बंद असूनही कॉम्प्रेसर आणि फॅन चालू राहू शकतात. समृद्धीवर १२० च्या वेगाने येऊन लगेच फास्ट चार्जर लावला, की गाडीत कोणी नसतानाही पुढून मोठ्याने घोंघावणं येतं ते याचमुळे. आधी वेगाने तापलेली बॅटरी, वरून चार्जिंगची उष्णता, आणि वाऱ्याचा झोत शून्य. फॅन आणि कॉम्प्रेसर दोघेही पूर्ण ताकदीने लागतात. काही गाड्यांत कुलूप लावून निघून गेल्यावरही काही मिनिटं हा आवाज चालतो. याउलट निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांत बॅटरीला असं द्रवाचं कूलिंग नाही, त्यामुळे त्यांच्यात एसी बंद असताना हा आवाज शोधत बसू नका.

आवाज वेगळे करायची पद्धत

पाच-दहा मिनिटांचं काम आहे. दुपारीच करा, सकाळी काही सापडणार नाही. गाडी सपाट जागी उभी, पार्किंग ब्रेक लावलेला, गाडी चालू, म्युझिक बंद, खिडक्या बंद.

आधी एसी बंद ठेवून फक्त ब्लोअर एकपासून शेवटच्या नंबरापर्यंत न्या. तक्रारीचा आवाज इथेच आला तर तो डॅशबोर्डच्या आतला आहे, कॉम्प्रेसरचा त्याच्याशी संबंध नाही. मग ब्लोअर एक नंबरवर आणा, एसी चालू करून तापमान सगळ्यात खाली न्या आणि दोन मिनिटं थांबा. आता जो गुणगुणणारा सूर हळूहळू वर चढेल तो कॉम्प्रेसर. बाहेर उतरून जाळीसमोर उभे राहा. तिथला वाऱ्याचा 'हूंऽऽ' असा घोंघाट कंडेन्सरच्या फॅनचा. आता आत बसून एसीचं बटण बंद करा. बॅटरी तापलेली नसेल तर कॉम्प्रेसरचा सूर लगेच पडतो, फॅन मात्र थोडा वेळ फिरत राहून मग थांबतो. कान गोंधळले तरी या फरकावरून दोघे ओळखू येतात.

मोबाईलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फुकटचं अ‍ॅप असेल तर आणखी स्पष्ट होतं. कॉम्प्रेसर ६,००० फेऱ्यांवर असेल तर १०० हर्ट्झवर उंच रेघ दिसते, आणि वेग बदलला की ती सरकते. फॅनची रेघ पात्यांच्या संख्येवर ठरते: सात पाती आणि मिनिटाला २,४०० फेरे असले तर २८० हर्ट्झ. याशिवाय एक बारीक 'चीं' असा सूर खूप वरच्या पट्टीत असतो, तो कॉम्प्रेसरच्या इन्व्हर्टरचा, म्हणजे त्याच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा. तरुण मुलांना तो ऐकू येतो, साठीच्या माणसाला बहुधा नाही. तो बिघाड नव्हे.

बॉनेट उघडून ऐकायचं असेल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. फॅन कुठलीही सूचना न देता सुरू होतो, गाडी नुसती चार्जिंगला लावलेली असली तरी. बोटं, ओढणी, गळ्यातला पंचा लांब ठेवा. आणि नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजची, केबल जिथे जाते त्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही. कॉम्प्रेसर त्यातच येतो.

आत टिकटिक, फडफड, घरघर

ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित बाजू. उन्हाळ्यात आपण सावली शोधून गाडी गुलमोहराखाली किंवा कडुलिंबाखाली लावतो. काचेखालच्या जाळीत पाकळ्या, बारीक पानं पडतात आणि वेळ आली की आत ओढली जातात. केबिन फिल्टरने ती अडवली तर फिल्टर तुंबतो. हवा कमी येते म्हणून आपण ब्लोअर चार नंबरवर नेतो, आणि आवाज वाढला अशी तक्रार करतो. फिल्टर नीट बसलेला नसेल तर एखादं देठ ब्लोअरच्या पिंजऱ्यापर्यंत पोचतं आणि टिकटिक सुरू होते. ती ब्लोअरच्या वेगाबरोबर वाढते, यावरून ओळखता येते.

बऱ्याच गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो, मागचं झाकण काढायचं, फिल्टर बाहेर. काढण्याआधी त्यावरचा बाण कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो घ्या. नवा फिल्टर उलटा बसला तरी बसतो, पण लवकर तुंबतो आणि कडेने हवा गळते. मॅन्युअलमध्ये वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटर असं लिहिलेलं असतं. धुळीच्या भागात मार्चअखेर एक आणि दिवाळीनंतर एक, असा वर्षाला दोनचा हिशेब ठेवावा. फिल्टर काढून तशीच गाडी चालवणं हा उपाय नव्हे. धूळ ओल्या कूलिंग कॉइलवर चिखलासारखी बसते, आणि तिची सफाई फिल्टरच्या कितीतरी पट महाग पडते.

एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागून येणारी 'स्स्स' साधारण असते. जास्त दाबाच्या आणि कमी दाबाच्या बाजूंचा दाब सारखा होताना गॅस एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, म्हणजे दाब उतरवणाऱ्या बारीक झडपेतून सरकतो, त्याचा तो आवाज. एसी चालू असताना मात्र ती फुसफुस सतत येत असेल आणि गारवाही कमी वाटत असेल, तर गॅस कमी असल्याची शंका घ्यायला जागा आहे.

पुढची जाळी आणि कंडेन्सर

आवाज वाढण्याचं मला पटलेलं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच: कंडेन्सरमधून हवा नीट जात नाही. हवा अडली की दाब चढतो, गाडीचा कंट्रोलर फॅन वाढवतो, मग कॉम्प्रेसरही जास्त ओढतो. म्हणजे एका मळलेल्या कॉइलमुळे दोन आवाज वाढतात आणि वर बॅटरीही जास्त जाते.

विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या हंगामात जाळीत रुईचे तंतू अडकतात, त्यावर धूळ बसून नमद्यासारखा थर तयार होतो. वरून बघितलं तर कॉइल स्वच्छ दिसते, कारण मळ बरेचदा कंडेन्सर आणि त्याच्या मागच्या रेडिएटरच्या फटीत असतो. टॉर्च मागून धरून पुढून बघा: पत्र्यांच्या मधून उजेड सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. कोकणात आणि गोव्यात प्रश्न वेगळा आहे. खाऱ्या हवेने अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्या पांढऱ्या भुकटीसारख्या होऊन झडतात. उजेड भरपूर दिसतो, पण उष्णता बाहेर टाकायला पत्राच उरलेला नसतो. तिथे धुण्याने काही साधत नाही, कंडेन्सर बदलावा लागतो. तसं होऊ नये म्हणून किनाऱ्यावर गाडी धुताना दर वेळी जाळीतून साधं पाणी सोडायची सवय लावा.

धुताना गाडी पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि कॉइल गार झालेली हवी. आधी मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेने, म्हणजे उभ्या पत्र्या असतील तर वरून खाली, सुका कचरा काढा. मग बागेच्या नळीने हलक्या धारेने पाणी. जमत असेल तर मागून पुढे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडतो. प्रेशर वॉशर जवळ आणू नका. पत्र्या एका फटक्यात आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. बॉनेटखाली कनेक्टरांवर धार मारायची नाही. फटीतला मळ काढायला कंडेन्सर सैल करावा लागतो, ते काम सर्व्हिस सेंटरचं.

काही इलेक्ट्रिक गाड्यांत जाळीमागे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या असतात. वारा कमी लागावा म्हणून त्या बंद होतात, गरज पडली की उघडतात. चिखल किंवा छोट्या ठोकरीने त्या बंद अवस्थेत अडकल्या, तर कंडेन्सरला हवाच मिळत नाही. एसी चालू करून जाळीत डोकावा, पट्ट्या उघड्या दिसल्या पाहिजेत. पुढचा बंपर कधी रंगवला-बदलला असेल तर कंडेन्सरच्या कडेचे फोमचे किंवा रबराचे पट्टे परत बसवले का तेही बघा. ते नसले तर गरम हवा बाजूने वळून पुन्हा पुढेच येते.

फॅनचा आवाज घोंघाटाऐवजी 'खर्रर्र' असा असेल, किंवा सुरू होताना आणि थांबताना खरखर वाढत असेल, तर बीअरिंग किंवा तुटलेलं पातं. आणि कधीकधी आवाज फॅनचा नसतोच: पुढची नंबरप्लेट, बंपरखालचं प्लास्टिक, एखादी निघालेली क्लिप फॅनच्या थरथरीने वाजत असते. फॅन चालू असताना नंबरप्लेट तळहाताने दाबून धरा. आवाज बंद झाला तर मागे फोमची पट्टी चिकटवा, विषय संपला.

एका ठरावीक वेगाला घुमणारा आवाज

कॉम्प्रेसर रबराच्या बुशवर बसवलेला असतो, म्हणजे त्याची थरथर सांगाड्यात उतरत नाही. बुश कडक झाले, किंवा एखादा बोल्ट चुकीच्या ताकदीने आवळला, की सीटमध्ये, कधी पेडलमध्ये घुमारा येतो. याची खूण अशी: सूर चढत असताना मध्येच एका टप्प्यावर आवाज फुगतो आणि पुढे पुन्हा कमी होतो. वेग वाढत असताना आवाज कमी होणं हे अनुनादाचं लक्षण आहे, कॉम्प्रेसर आतून झिजला असता तर आवाज वेगाबरोबर वाढतच गेला असता. दुसरं ठिकाण म्हणजे गॅसचे पाइप. त्यांच्या क्लॅम्पमधलं रबर निसटलं की धातू धातूला लागतो, आणि अख्खी बॉडी स्पीकरसारखी वाजते. अपघाताच्या दुरुस्तीनंतर आवाज सुरू झाला असेल तर आधी हेच तपासायला सांगा. बुश आणि क्लॅम्प थोडक्या पैशांत होतात, आणि ते न बघता कॉम्प्रेसर बदलला तर नवा कॉम्प्रेसरही तसाच घुमतो.

खडखड, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी कर्कश किरकिर, किंवा दर वेळी सुरू होताना ठोका, हे मात्र साधारण नव्हे. एसी बंद करा आणि गाडी दाखवा.

पुढून गुडगुड, पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज असेल तर बॅटरीच्या कूलंटची टाकी बघा. गाडी गार असताना पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. आत हवा शिरली की पंप वाजतो, चिलरचं काम अर्धवट होतं आणि कॉम्प्रेसर उगाच जास्त वेळ धावतो. पातळी कमी दिसली तर नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतू नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच कूलंट, कारण काही गाड्यांत वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट लागतं. आणि त्यातली हवा काढायची पद्धतही ठरलेली असते, त्यामुळे नुसतं वरून भरून भागेलच असं नाही.

आता गॅस

बाहेर ४० अंशांच्या आसपास, हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू, ब्लोअर मध्यम, खिडक्या बंद, दहा-पंधरा मिनिटं. मधल्या झरोक्यात स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर धरा. साधारण ७ ते १२ अंश आले तर एसी आपलं काम करतोय. आवाजासाठी गॅसला हात लावायचं काहीही कारण नाही.

गॅस कमी झाला तर आवाज वाढतो हे खरं आहे. तितकाच गारवा आणायला कॉम्प्रेसरला जास्त फेरे मारावे लागतात, आणि त्याच्या मोटरला थंड ठेवणारा परतीचा गॅसही कमी पडतो. पण जास्त गॅस भरला तरी दाब चढून आवाज वाढतोच. म्हणून या गाड्यांत गॅस वजनाने भरायचा असतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. गेजचा काटा बघून अंदाजाने 'टॉप-अप' करणारा माणूस तुमच्या गाडीसाठी नाही.

तेलाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. पेट्रोल गाड्यांच्या एसीत बहुतेक पीएजी तेल असतं. इलेक्ट्रिक गाडीच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटरची वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, तेल आणि गॅस यांच्या मिश्रणातच असते, त्यामुळे तिथे बहुतेक गाड्यांत वीज न वाहून नेणारं पीओई प्रकारचं तेल लागतं. पीएजी थोडंसं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन उतरायला लागतं. मग एक दिवस गाडी हाय व्होल्टेजची गळती दाखवते आणि चालू व्हायला नकार देते. तेव्हा कॉम्प्रेसर बदलून, पाइप धुऊन, कधी इतरही भाग बदलून सगळं निस्तरावं लागतं. हे मिसळणं मुद्दाम कोणी करत नाही. आधीच्या गाडीचं तेल मशीनच्या नळ्यांत राहिलेलं असतं, ते पुढच्या गाडीत जातं. म्हणून विचारायचं: इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळं मशीन आहे का, नसेल तर नळ्या धुतल्या का? तेल कुठल्या नंबरचं घालणार? गळती शोधायचा रंग पीओईला चालणारा आहे का? गळती बुजवणारं रसायन तर अजिबात घालू द्यायचं नाही.

काम नीट होतंय की नाही हे एका आकड्यावरून कळतं: आधी बाहेर काढलेला गॅस किती ग्रॅम निघाला? स्टिकरवर ५५० असताना ५३० निघाले तर गॅस हा तुमचा प्रश्नच नव्हता. ३८० निघाले तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय पुन्हा भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणं), पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा हलत नाही याची खात्री, आणि मग वजनाने गॅस. जॉबकार्डावर काढलेले आणि भरलेले ग्रॅम लिहून घ्या.

आवाज कमी करायचा असेल तर

गाडीवरचा भारच कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. उन्हात तापलेल्या गाडीत हवा ६० अंशांच्या वर जाते. चारही दारं मिनिटभर उघडी ठेवा, पहिले काही शे मीटर खिडक्या खाली करून जा, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार झाली की हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा. ४५ अंशांची बाहेरची हवा सतत आत ओढून गार करणं आणि आतली २८ अंशांची हवा गार करणं यात कॉम्प्रेसरच्या कामाचा मोठा फरक आहे. लांबच्या प्रवासात अधूनमधून दोन मिनिटं ताजी हवा घ्या, नाहीतर झोप येते. तापमान 'लो'वर ठेवण्याऐवजी २४-२५ आणि ऑटो ठेवलं की एकदा गाडी गार झाल्यावर फेरे आपोआप उतरतात. काचेवर आतून चंदेरी पडदा लावला तर सुरुवातीचा ताण बराच वाचतो. अ‍ॅपवरून एसी चालू करता येत असेल तर निघायच्या दहा मिनिटं आधी, गाडी चार्जरला जोडलेली असतानाच करा. तो सुरुवातीचा दोन-तीन किलोवॉटचा ओढा मग भिंतीवरच्या विजेतून जातो.

फास्ट चार्जरवर शक्यतो गाडीबाहेर सावलीत बसा. आत बसायचंच असेल तर २६ वर ठेवा, कारण तोच कॉम्प्रेसर तेव्हा बॅटरीलाही हवा असतो. सोसायटीत रात्री फॅनच्या आवाजावरून शेजारी कुरबुरत असतील तर आल्या आल्या प्लग लावू नका. गाडीला तासभर निवू द्या आणि टायमरवर पहाटेची वेळ द्या. घरच्या संथ चार्जिंगने बॅटरी फारशी तापत नाही, तापलेली असते ती येतानाच्या प्रवासाने.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच, तर सकाळी नऊची अपॉइंटमेंट घेऊ नका. तेव्हा बाहेर तिशीतलं तापमान असतं, गाडी मुकाट उभी राहते आणि जॉबकार्डावर 'तक्रार आढळली नाही' असं येतं. दुपारी दोन-तीनची वेळ मागा, वीस मिनिटं गाडी चालवून थेट आत घ्या, आणि टेक्निशियनला शेजारी बसवून ऐकवा. सोबत मोबाईलवरचं रेकॉर्डिंग असू द्या: फोन दर वेळी त्याच कप होल्डरमध्ये, ब्लोअर एक नंबरवर, आणि बाहेरचं तापमान किती होतं ते सुरुवातीला बोलून नोंदवलेलं. स्कॅनर लावून त्यांना त्याच क्षणी तीन आकडे वाचायला सांगा: कॉम्प्रेसरचे फेरे, गॅसचा दाब आणि बॅटरीचं तापमान. फेरे वर आणि दाब १६-१८ बार, तर तो उन्हाळा आहे. बाहेर ४० अंश असताना दाब २२-२५ बार, तर कंडेन्सर, फॅन किंवा जास्त भरलेला गॅस. फेरे वर, दाब कमी आणि गारवा नाही, तर गळती. हे तिन्ही आकडे जॉबकार्डावर लिहून घेतले, की पुढच्या मे महिन्यात तुलनेला हातात काहीतरी असतं.